पडद्यावरचे चलचित्र आणि दप्तराचे कुलूप

नांदेड जिल्ह्यातील किनवट-माहूरचा डोंगरी भाग असो की लातूर जिल्ह्यातील औसा-निलंग्याचे सपाट काळे रान असो, दुपारच्या वेळी गावच्या ग्रामपंचायत कार्यालयात डोकावले तर एक दृश्य हमखास दिसते. केंद्रचालक जेवावयास गेलेले असतात, ग्रामपंचायत अधिकारी दुसऱ्या गावच्या बैठकीस गेलेले असतात आणि टेबलावरील संगणकाच्या पडद्यावर रंगीत बुडबुडे तरंगत असतात. कोठे ग्रामपंचायतीचे नाव त्रिमिती अक्षरांत गिरक्या घेत असते. येणारा-जाणारा ते कौतुकाने पाहतो. परंतु कळफलकावरील एक कळ दाबताच ते बुडबुडे नाहीसे होऊन करआकारणीची नोंदवही उघडी पडत असेल, तर ते दृश्य कौतुकाचे न राहता चिंतेचे ठरते.

ज्या कपाटात गावचे दप्तर असते, त्या कपाटाला कुलूप घालण्याची शिस्त आपल्या कार्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या रुजलेली आहे. आता दप्तराचा मोठा भाग संगणकात गेला आहे. ग्रामपंचायतींच्या संगणकीकरणासाठी राज्यात २०११ मध्ये 'संग्राम' प्रकल्प सुरू झाला आणि २०१६ पासून 'आपले सरकार सेवा केंद्रा'ची व्यवस्था आली. तथापि कपाटाच्या कुलपाची सवय संगणकाच्या पडद्याला अद्याप पुरतेपणी लागलेली नाही. पडद्यावरील हे चलचित्र, ज्याला सर्वत्र 'स्क्रीनसेव्हर' या नावाने ओळखतात, ते नेमके कशासाठी असते, त्याला कुलूप कसे जोडावे आणि ही व्यवस्था लेखी आज्ञेद्वारे कशी करावी, याची माहिती येथे दिली आहे.

चलचित्राचा उगम

'स्क्रीनसेव्हर' या शब्दाचा सरळ अर्थ पडद्याचे रक्षण करणारा असा आहे. पूर्वीचे संगणक काचेच्या जड नळीचे असत. त्या नळीच्या आतील बाजूस प्रकाशमान होणाऱ्या द्रव्याचा थर असे. एकच अक्षर तासन्‌तास एकाच जागी उजळत राहिल्यास तेथील थर झिजे आणि संगणक बंद केल्यावरही त्या अक्षराचा पुसट डाग काचेवर कायम राही. यावर उपाय म्हणून जॉन सोशा या अमेरिकन आज्ञावलीकाराने डिसेंबर १९८३ मध्ये एका संगणकविषयक मासिकात छोटी आज्ञावली प्रसिद्ध केली. तीन मिनिटे कोणी कळफलकाला हात लावला नाही, की ती पडदा काळा करीत असे. तिच्यात चित्र नव्हते आणि रंगही नव्हते.

चलचित्रे नंतर आली. १९८९ मध्ये 'आफ्टर डार्क' ही आज्ञावली बाजारात आली आणि पंख लावून उडणारी पाव भाजण्याची यंत्रे जगभरातील कार्यालयांतून पडद्यावर दिसू लागली. १९९२ मध्ये जेमी झाविन्स्की यांनी 'एक्सस्क्रीनसेव्हर' हा मुक्त आज्ञावली-संच प्रसिद्ध केला. आज त्यात दोनशेहून अधिक चलचित्रे आहेत आणि लिनक्स प्रणालीच्या संगणकांवर तो अजूनही वापरला जातो.

रिकाम्या वेळेतील या चलचित्राला विज्ञानाचे कामही जोडण्यात आले. २००५ मध्ये सुरू झालेल्या 'आइन्स्टाइन अ‍ॅट होम' या उपक्रमात सामान्य नागरिकांचे संगणक रिकाम्या वेळी गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळांतील नोंदींचे गणित करतात आणि पडद्यावर तारकासमूहांसह फिरणारा खगोल दिसतो. अशाच नागरिकांच्या संगणकांनी २०१० मध्ये एक नवा स्पंदक तारा शोधून काढला. नांदेडच्या शेजारील हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ परिसरात याच प्रकारची 'लायगो-इंडिया' वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली आहे. त्यामुळे या भागातील शिक्षकांनी हा उपक्रम विद्यार्थ्यांना अवश्य समजावून सांगावा. मात्र या गणितासाठी संगणक सतत राबतो व वीज अधिक लागते. म्हणून कार्यालयाच्या अथवा शाळेच्या संगणकावर परवानगीशिवाय तो बसवू नये.

आज चित्र गौण, कुलूप मुख्य

काचेच्या नळीचे पडदे आता कार्यालयांतून जवळजवळ हद्दपार झाले आहेत. सध्याच्या सपाट द्रवस्फटिक पडद्यांना जुन्या अर्थाच्या रक्षणाची गरज सहसा भासत नाही. मग स्क्रीनसेव्हर हवाच कशाला, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. त्याचे उत्तर असे की, पडद्याच्या रक्षणाचे काम संपले असले तरी पडद्यामागील माहितीच्या रक्षणाचे काम सुरू झाले आहे. ठरावीक वेळ संगणक निष्क्रिय राहिला की चलचित्र सुरू व्हावे आणि पुन्हा काम सुरू करताना परवलीचा शब्द विचारला जावा, हा त्याचा आजचा उपयोग होय.

हे केवळ शिस्तीचे नव्हे, कायद्याचेही कर्तव्य आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४२ अन्वये, ज्याच्या नावे डिजिटल स्वाक्षरीचे प्रमाणपत्र आहे, त्याने आपली गुप्त कळ स्वतःच्या ताब्यात ठेवण्यासाठी वाजवी काळजी घेणे बंधनकारक आहे. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी अथवा परवलीचा शब्द अप्रामाणिकपणे वापरणाऱ्यास कलम ६६-क अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. स्वाक्षरीचे उपकरण संगणकाला जोडून ठेवून पडदा उघडा टाकून जाणे म्हणजे कार्यालयाचा शिक्का व सही केलेला कोरा कागद टेबलावर ठेवून जाण्यासारखेच आहे. जन्म-मृत्यूच्या नोंदी, नमुना ८ ची करआकारणी, शाळेच्या संगणकातील 'सरल' व 'यू-डायस' प्रणालींतील विद्यार्थ्यांची माहिती, शिक्षकांची वेतनदेयके हे सर्व त्या उघड्या पडद्यामागेच असते. उद्या एखादी नोंद बदललेली आढळली, तर ज्याच्या नावाने संगणक उघडा होता, त्यालाच प्रथम उत्तर द्यावे लागेल.

आज्ञा म्हणजे लेखी आदेश

स्क्रीनसेव्हरची मांडणी करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग खिडक्या उघडून, चौकोनावर खुणा करून निवड करण्याचा. तो सोपा आहे. परंतु कोणी कोणती खूण केली, याची नोंद मागे राहत नाही. दुसरा मार्ग 'कमांड लाइन'चा, म्हणजे आज्ञा टंकित करण्याचा. काळ्या चौकटीत एक ओळ लिहावयाची आणि 'एंटर'ची कळ दाबावयाची, एवढेच त्याचे स्वरूप आहे. या चौकटीला पाहून अनेकजण बिचकतात. वास्तविक शासकीय कर्मचाऱ्यांना हा मार्ग अधिक ओळखीचा वाटावयास हवा, कारण त्याची घडण कार्यालयीन आदेशासारखीच असते. तोंडी सूचना विसरली जाते. लेखी आदेश नस्तीत राहतो, तोच शब्दशः दहा ठिकाणी पाठविता येतो आणि त्याची अंमलबजावणी झाली की नाही, हे तपासता येते. आज्ञेच्या ओळीचे हेच तीन लाभ आहेत.

आदेशात ज्याप्रमाणे कोणी, कोणत्या नोंदवहीत, कोणत्या रकान्यात, काय लिहावे हे क्रमाने येते, त्याप्रमाणेच आज्ञेतही येते. प्रत्यक्षात या आज्ञा रोमन लिपीतच टंकित कराव्या लागतात. पुढे त्यांचा उच्चार दिला आहे. शब्दांमधील मोकळी जागा, तिरकी रेघ, टिंब व आडवी रेघ यांना अक्षराइतकेच महत्त्व असते.

विंडोज प्रणालीवरील मांडणी

बहुतेक कार्यालयांत विंडोज प्रणाली आहे. तिच्या सर्व निवडी 'रजिस्ट्री' नावाच्या एका मोठ्या अंतर्गत नोंदवहीत साठविलेल्या असतात. त्या नोंदवहीत लिहिण्याची आज्ञा 'रेग अ‍ॅड' या दोन शब्दांनी सुरू होते. त्यानंतर नोंदवहीचे पान येते. चालू वापरकर्त्याच्या विभागातील 'कंट्रोल पॅनेल' आणि त्यातील 'डेस्कटॉप' असे हे पान आहे. पानाच्या नावात मोकळी जागा असल्याने ते पूर्ण नाव दुहेरी अवतरणचिन्हांत घालावे लागते. पुढे तिरकी रेघ व 'व्ही' हे अक्षर देऊन रकान्याचे नाव, तिरकी रेघ व 'टी' देऊन नोंदीचा प्रकार, तिरकी रेघ व 'डी' देऊन मूल्य लिहितात. शेवटी तिरकी रेघ व 'एफ' दिल्यास जुनी नोंद न विचारता बदलली जाते.

भरावयाचे रकाने चार आहेत. 'स्क्रीनसेव्ह-अ‍ॅक्टिव्ह' या रकान्यात १ लिहिल्याने व्यवस्था सुरू होते. 'स्क्रीनसेव्ह-टाइमआउट' यात किती सेकंदांनी चित्र यावे, ते लिहितात. पाच मिनिटांसाठी ३००. 'स्क्रीनसेव्हर-इज-सिक्युअर' यात १ लिहिले म्हणजे परत येताना परवलीचा शब्द विचारला जातो. हाच रकाना कुलपाचा आहे आणि नेमका हाच भरावयाचा राहून जातो. चौथ्या रकान्यात कोणते चलचित्र हवे त्याच्या संचिकेचे नाव येते. 'बबल्स', 'रिबन्स', 'मिस्टिफाय' आणि नाव फिरविणारे 'त्रिमिती अक्षरे' ही चलचित्रे विंडोजसोबतच मिळतात. चित्र कसे दिसते हे लगेच पाहावयाचे असल्यास 'मिस्टिफाय डॉट एससीआर', मोकळी जागा, तिरकी रेघ व 'एस' अशी ओळ पुरते. 'एस'ऐवजी 'सी' दिल्यास, त्या चलचित्राला निवडी असतील तर, त्यांची खिडकी उघडते.

नोंदी केल्यानंतर एकदा बाहेर पडून पुन्हा प्रवेश केला की त्या निश्चितपणे लागू होतात. 'रेग क्वेरी' या आज्ञेने तेच पान वाचून पडताळणी करता येते. 'रेग अ‍ॅड' पुढे तिरकी रेघ व प्रश्नचिन्ह दिल्यास आज्ञेचा पूर्ण नमुना पडद्यावरच मिळतो. लक्षात ठेवण्याची एक बाब म्हणजे, ही नोंद केवळ चालू वापरकर्त्यापुरती असते. एका संगणकावर तिघांची खाती असतील तर तिन्ही खात्यांत ती करावी लागेल.

लिनक्स प्रणालीवरील मांडणी

विंडोजच्या दहाव्या आवृत्तीचा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नव्या आवृत्तीला न पेलणारे जुने संगणक शाळांतून पुष्कळ असतात आणि त्यांच्यासाठी लिनक्स हा बिनखर्ची पर्याय ठरतो. भारत सरकारच्या सी-डॅक संस्थेने २००७ मध्ये प्रसृत केलेली 'बॉस' ही प्रणाली लिनक्सवरच आधारलेली असून तीत मराठीची सोय आहे.

लिनक्सवर 'नोम' हे पटल असल्यास चलचित्र नसते. पडदा काळा होऊन कुलूप लागते. त्यासाठी 'जी-सेटिंग्ज सेट' या शब्दांनी आज्ञा सुरू करून 'ऑर्ग डॉट नोम डॉट डेस्कटॉप डॉट सेशन' हे पान, 'आयडल-डिले' हा रकाना व ३०० हे मूल्य लिहावे. 'स्क्रीनसेव्हर' नावाच्या पानावर 'लॉक-एनेबल्ड' या रकान्यात 'ट्रू' म्हणजे 'होय' असे लिहावे. 'सेट'ऐवजी 'गेट' लिहिल्यास चालू नोंद वाचता येते.

चलचित्र हवेच असल्यास वर उल्लेखिलेला 'एक्सस्क्रीनसेव्हर' संच बसवावा. त्याच्या सर्व निवडी वापरकर्त्याच्या निर्देशिकेतील एका साध्या मजकुराच्या संचिकेत असतात आणि ती कोणीही वाचू शकतो. तीत 'टाइमआउट' या शब्दापुढे तास, मिनिटे व सेकंद या क्रमाने वेळ, 'लॉक' या शब्दापुढे 'ट्रू' आणि 'मोड' या शब्दापुढे 'वन' अथवा 'रँडम' लिहितात. 'वन' म्हणजे एकच ठरलेले चित्र, 'रँडम' म्हणजे दर वेळी निराळे. 'एक्सस्क्रीनसेव्हर-कमांड' ही आज्ञा आडवी रेघ व 'अ‍ॅक्टिव्हेट' या शब्दासह दिली की चित्र तत्काळ सुरू होते. 'नेक्स्ट' दिल्यास पुढचे चित्र येते आणि 'लॉक' दिल्यास पडदा कुलूपबंद होतो. मात्र 'वेलँड' नावाच्या नव्या चित्रव्यवस्थेवर या संचाचे कुलूप चालत नाही. तेथे पटलाचेच कुलूप वापरावे.

शाळेतील वीस संगणक

एका संगणकासाठी खिडक्या उघडून निवड करणे सोपेच आहे. आज्ञेचे खरे मोल शाळेच्या संगणक कक्षात कळते. वीस संगणक असतील तर वीस वेळा तीच निवड करताना एखाद्या ठिकाणी चूक होतेच. त्याऐवजी चारही आज्ञा एका संचिकेत एकाखाली एक लिहून ती प्रत्येक संगणकावर चालविली, तर सर्वत्र अक्षरशः एकच मांडणी होते. संचिकेची छापील प्रत कक्षाच्या नोंदवहीत चिकटवून दिनांक व स्वाक्षरी केली की शिक्षक बदलून गेले तरी व्यवस्था कळून येते. विद्यार्थ्यांच्या दृष्टीनेही हा एक उत्तम पाठ आहे. एक ओळ लिहिली आणि समोरचे चित्र बदलले, हा अनुभव मुलांना संगणक कसा विचार करतो हे दहा व्याख्यानांपेक्षा चांगले शिकवितो.

किती वेळाने कुलूप लागावे, हे कामाच्या स्वरूपावरून ठरवावे. अर्जदाराचे कागद वाचत असताना दर मिनिटाला पडदा बंद होऊ लागला, तर त्रासून कोणीतरी ही व्यवस्थाच काढून टाकील. कार्यालयात पाच मिनिटे व वर्गात धडा दाखविण्याच्या संगणकावर अधिक अवधी, असे प्रमाण सोयीचे होते. उठून जाताना मात्र पाच मिनिटांची वाट पाहू नये. विंडोजची कळ व 'एल' ही कळ एकत्र दाबल्यास कुलूप त्याच क्षणी लागते.

विजेचा हिशेब

चलचित्रामुळे वीज वाचते, असा समज बराच रूढ आहे. तो बरोबर नाही. चित्र हलत असताना पडद्याचा दिवा पूर्ण तेजाने जळत असतो आणि ते चित्र रेखाटण्यासाठी संगणकही राबत असतो. पडदा वीस वॅटचा धरला व तो रोज दोन तास निष्कारण उजळत राहिला, तर वर्षातील तीनशे कामाच्या दिवसांत १२ युनिट वीज जाते. वीस संगणकांच्या कक्षात हा आकडा २४० युनिटांवर पोहोचतो. वीजपुरवठा खंडित झाल्यावर बॅटरीवर चालणाऱ्या गावातील कार्यालयात तर हाच उजेड उरलेल्या कामाचा वेळ खातो. म्हणून चलचित्रानंतर काही मिनिटांनी पडदा पूर्ण बंद होईल, अशी आज्ञाही द्यावी. विंडोजवर 'पॉवरसीएफजी', तिरकी रेघ व 'चेंज', त्यानंतर 'मॉनिटर-टाइमआउट-एसी' व १० अशी ती आहे. येथील अंक मिनिटांचा असतो, सेकंदांचा नव्हे. चुकून ३०० लिहिल्यास पडदा पाच तासांनी बंद होईल.

काही सावधगिरी

आज्ञेची ओळ जितकी उपयोगी तितकीच ती जपून वापरावयाची वस्तू आहे. मोबाइलवर आलेली, अर्थ न समजलेली ओळ संगणकात कधीही उतरवू नये. न वाचता आदेशावर सही करण्यासारखेच ते होय. रजिस्ट्रीत भलत्याच पानावर नोंद झाल्यास संगणकाचे काम बिघडू शकते. सुंदर चलचित्र म्हणून कोणी पाठविलेली संचिकाही उघडू नये. स्क्रीनसेव्हरची संचिका ही चित्राची संचिका नसून चालणारी आज्ञावलीच असते आणि तिच्या वेषात घातक आज्ञावली शिरू शकते. प्रणालीसोबत मिळालेली चलचित्रे कार्यालयास पुरेशी आहेत.

परवलीचा शब्द भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहून ठेवला असेल अथवा सर्वजण एकच खाते वापरीत असतील, तर सर्वोत्तम मांडणीही निरुपयोगी ठरते. प्रत्येकाचे खाते वेगळे असावे, परवलीचा शब्द त्याच्यापुरताच राहावा आणि स्वाक्षरीचे उपकरण काम संपताच काढून स्वतःजवळ ठेवावे.

नांदेडच्या सोळा व लातूरच्या दहा तालुक्यांतील गावोगावच्या नागरिकांनी आपली शेती, घर, जन्म, शिक्षण यांच्या नोंदी विश्वासाने शासनाच्या स्वाधीन केलेल्या आहेत. त्या नोंदी पूर्वी लाकडी कपाटात होत्या, आज त्या काचेच्या पडद्यामागे आहेत. ग्रामपंचायतीच्या पुढील मासिक सभेत सदस्यांनी एक साधा प्रश्न विचारावा: आपल्या कार्यालयातील चलचित्र हलविले की परवलीचा शब्द विचारला जातो काय? उत्तर नकारार्थी आले, तर वर सांगितलेल्या चार ओळी लिहिण्यास दहा मिनिटांहून अधिक वेळ लागणार नाही. बुडबुडे खुशाल तरंगत राहोत. त्यांच्यामागे कुलूप असले म्हणजे झाले.